हळद, रुमाल आणि रबरबँड

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात तीन मित्रांबरोबर रूम करून राहतो. परवा रात्री कांदा चिरताना सुरी डाव्या तर्जनीवर बसली. घरात बँडेज नाही, मेडिकल बंद. हळद दाबली, रुमाल फाडून गुंडाळला, सुटू नये म्हणून वरून रबरबँड लावलं. रक्त थांबेना, उलट वाढलं. तासाभरात बोट जांभळं पडून ठणकायला लागलं, तेव्हा रबरबँड काढलं. आता बरं आहे. पण माझं चुकलं काय? धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं का? आणि घरात काहीच नसेल तर करायचं काय?"

सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली निम्मी अपघात विभागाच्या ड्रेसिंग रूममध्ये गेली. तू माझ्या धाकट्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते.

आधी रबरबँड, कारण तुझी खरी चूक तीच. हळदीचं नंतर बघू. बोटात रक्त आणणाऱ्या रोहिण्या खोल असतात आणि त्यांच्यात जोर असतो. रक्त परत नेणाऱ्या नीला वरवर असतात, मऊ असतात, थोड्याशा दाबानेही चपट्या होतात. रबरबँड साधारण घट्ट बसलं की नीला बंद पडतात आणि रोहिण्या चालू राहतात. म्हणजे टाकीत पाणी येतंय आणि बाहेर जायचा नळ बंद. मग ते रक्त जिथे वाट मिळेल तिथून, म्हणजे कापलेल्या जागेतूनच बाहेर येणार. रक्त वाढलं ते यामुळेच. तासाभराने का होईना, ते काढलंस हे चांगलं केलंस. काही लोक तसंच बांधून झोपतात. सुतळी, केसांचं रबर, मंगळसूत्राचा काळा दोरा, काय काय बांधलेलं मी कात्रीने कापून काढलंय. बोटाला काहीही बांधलं की मिनिटभराने नख दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरं होतं, सोडल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. नाही झालं तर बांधणं घट्ट आहे. आणि कापलेल्या हातात अंगठी असेल तर ती सगळ्यात आधी, सूज चढायच्या आत काढायची. नंतर ती निघत नाही, कापावी लागते.

रक्त थांबवायला बांधायचं नसतं, दाबायचं असतं. जे हाताशी असेल ते, धुतलेला रुमाल, पंचाचं टोक, ओढणी, नाहीतर नुसता दुसऱ्या हाताचा अंगठा, नेमका कापलेल्या जागेवर धरायचा आणि हात छातीच्या वर उचलायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं. इथे सगळ्यांचं चुकतं. मिनिटभर दाबतात, उचलून बघतात, "अजून येतंय" म्हणतात, परत दाबतात. भात शिजताना दर मिनिटाला झाकण काढलं तर तो शिजेल का? जखमेच्या तोंडाशी रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, येऊन चिकटतात, त्यांच्यावर धाग्यांची जाळी विणली जाते. कापड उचललं की ती अर्धवट जाळी कापडाबरोबर निघून येते आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिलं कापड भिजलं तर काढू नकोस, त्यावरच दुसरं ठेव. घरातल्या आजोबांना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर दहाऐवजी वीस मिनिटं धरावं लागतं.

आणि हे खाली बसून करायचं. गंमत नाही. बोटाला एकही टाका लागला नाही पण रक्त बघून चक्कर आली, ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं आणि डोक्याला चार टाके पडले, असे बाप्ये मी बरेच पाहिलेत. बायका कमी. का ते मला विचारू नकोस.

रक्त थांबलं की, किंवा नुसतं झिरपत असेल तेव्हा, जखम धुवायची. माझ्या मते या सगळ्या उत्तरात कामाचं वाक्य हे एकच आहे: लावायचं काय हे विचारायच्या आधी धुतलं किती ते विचार. लोक दोन थेंब पाणी शिंपडतात आणि मग दहा मिनिटं हळद की बोरोलीन यावर चर्चा करतात. उलटं हवं. पिण्यायोग्य नळाचं पाणी पुरतं. साध्या जखमांसाठी नळाचं चांगलं पाणी आणि दवाखान्यातलं सलाइन यांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे आणि नळाचं पाणी वापरून जखमा जास्त चिघळल्या असं दिसलेलं नाही. अट एकच, पाणी पिण्यालायक हवं. टँकरचं, बोअरचं किंवा पावसाळ्यात गढूळ येणारं असेल तर उकळून, झाकून कोमट केलेलं घे, नाहीतर सरळ फिल्टरचं. मीठ हवंच असेल तर अर्धा लिटर पाण्यात सपाट चहाचा चमचा. जास्त मीठ म्हणजे जास्त शुद्ध असं नसतं, नुसतं झोंबतं.

वाहतं पाणी पाच मिनिटं. बोट वाटीत बुडवून ठेवू नकोस, त्यात घाण वाहून जात नाही, तिथेच फिरते. नळाला धार नसेल तर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला गरम सुईने एक भोक पाड आणि बाटली पिळ. बारीक, जोरदार धार मिळते. रस्त्यावर घसरून गुडघा खरचटलेल्या पोरांच्या जखमेतली खडी काढायला याच्याइतकं चांगलं घरगुती साधन मला माहीत नाही. साबण लावायचा तो आजूबाजूच्या कातडीला. जखमेत गेला तर चुरचुरेल, एवढंच. आणि फुंकर घालायची नाही. आई फुंकर घालते ते प्रेमाने, पण तोंडातले जंतू जखमेला प्रेमाने वागवत नाहीत. कापलेलं बोट तोंडात घालून चोखायची सवय त्याच कारणाने सोडायची.

आता हळद. तू केलंस ते महाराष्ट्रातल्या नव्वद टक्के घरांत होतं (हा माझा अंदाज, मोजलेलं कुणी नाही). १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर' यावर पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते, संस्कृत आणि इतर जुने आधार पुढे ठेवून त्याला हरकत घेतली आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण ती ऐकून लोक म्हणतात, "बघा, हळद सिद्ध झाली." तसं नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की हळद जखमेला लावणं हा काही नवा शोध नाही, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो आहोत. तिने जखम लवकर भरते की नाही, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

हळदीतल्या द्रव्यात गुण आहेत, ते मी नाकारत नाही. पण तुझ्या मसाल्याच्या डब्यातली हळद म्हणजे ते द्रव्य नव्हे. ती शेतातून निघालेली, उकळलेली, उघड्यावर वाळवलेली, दळलेली पूड, त्यात तोच चमचा रोज भाजीच्या वाफेवर धरलेला. निर्जंतुक ती कधीच नसते. काही ठिकाणी रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ करतात, ती तर शिशाची. आणि मला ड्रेसिंग करताना वाटणारी खरी अडचण वेगळीच: हळद रक्तात कालवून वाळली की तिचा विटेसारखा थर होतो. खाली जखम किती खोल आहे, कडा लाल आहेत की हळदीने पिवळ्या, काही कळत नाही. तो थर काढताना पेशंट ओरडतो आणि रक्त पुन्हा सुरू. हळद लावून माणूस दगावतो असं मी म्हणणार नाही. हळदीने रक्त थांबलं असं ज्यांना दिसतं, त्यांचं ते मुख्यतः ती *दाबली* जाते म्हणून थांबतं, आणि श्रेय हळदीला जातं.

कॉफीची पूड, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, रॉकेल, चुलीतली राख आणि कोळ्याचं जाळं यांच्याबद्दल मात्र माझं मन एवढं मोठं नाही. यातलं काहीही नको. शेतात खुरपं लागलं की बायका बांधावरचा दगडीपाला चुरगळून त्याचा रस पिळतात; काही ठिकाणी त्याला कंबरमोडी किंवा एकदांडी म्हणतात. माझी आईही पिळायची. त्या पाल्यात रक्त थांबवायचा गुण असेलही. पण तो वाढतो बांधाच्या मातीत, गुरांच्या पायाखाली, आणि धनुर्वाताचे जंतू राहतात तेही तिथेच. शेतात प्यायच्या पाण्याची बाटली असतेच की. ती आधी.

घरच्यांनाच बोल लावते असं वाटू नये म्हणून आमचंही सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डात आम्ही ब्लीचिंग पावडर आणि बोरिक पावडरीचं युसोल करून जखमांत भरायचो. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस यायचा आणि पेशंटला वाटायचं, आता कशी साफ झाली! फेस यायचा तो रक्तातल्या आणि पेशींतल्या एका द्रव्यामुळे, घाण निघते म्हणून नव्हे, आणि त्यात नवी कातडी विणणाऱ्या पेशीही मरायच्या. शाळेतल्या पेटीतलं ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, त्यात पारा असायचा. हे सगळं आम्ही पूर्ण विश्वासाने केलं. म्हणून आता कुणी "जळजळलं म्हणजे औषध लागू पडतंय" म्हणालं की मला राहवत नाही. जळजळतं ते तुझं मांस. स्पिरिट, आफ्टरशेव्ह, न पातळ केलेलं डेटॉल जखमेत ओतायचं नाही. डेटॉल-सॅव्हलॉन वापरायचंच तर बाटलीवर लिहिलंय तेवढं पाणी घालून, आणि आजूबाजूच्या कातडीला.

मग झाकायचं कशाने? जुनी सुती साडी, धोतर, पांघरुणाची चादर, धुऊन कडक उन्हात वाळवलेली. तिचा तुकडा गरम इस्त्रीखालून दोन्ही बाजूंनी फिरवायचा आणि ज्या बाजूला बोट लागलं नाही ती बाजू जखमेवर. ऑपरेशन थिएटरात कपडे निर्जंतुक करतो तो ऑटोक्लेव्ह म्हणजे तत्त्वतः तुझा कुकरच, तिथे वाफ १२१ अंशांवर धरतात. पण घरी कुकर लावून रुमाल उकडायला जाऊ नकोस. ओला निघेल आणि वाळेपर्यंत पुन्हा हवेतली धूळ खाईल. घरच्या चिरेला इस्त्री पुरे. कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, त्याचे तंतू आत रुततात. टिश्यू पेपर त्याहून वाईट, त्याचा लगदा होतो.

रूमवर मुलंच असाल, पण घरात आई-बहीण असेल तिथे आणखी एक वस्तू असते जी कुणाला सुचत नाही, सुचली तरी मागायला लाजतात: सॅनिटरी पॅड. वेगवेगळं पाकिटबंद, रक्त शोषायलाच बनवलेलं, वरचा थर न चिकटणारा. बिनवासाचं घ्यायचं, पाव तुकडा कापायचा, न चिकटणारी बाजू जखमेवर, वरून चिकटपट्टी. गुडघ्याच्या किंवा पोटरीच्या मोठ्या खरचटण्यावर कापडापेक्षा सरस. पुरुषांनी इथे लाजायचं कारण नाही.

कापडाच्या आत व्हॅसलीनचा पातळ थर दिलास तर दोन फायदे. कापड चिकटत नाही, आणि जखम ओलसर राहते. "हवा लागू दे, खपली धरू दे" हे आपल्याकडे फार. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२मध्ये डुकरांच्या कातडीवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धरते. खपली म्हणजे मधला बांध, नव्या कातडीला तिच्याखालून भुयार खणत जावं लागतं. फक्त घरभर सगळ्यांची बोटं घातलेल्या डबीतलं व्हॅसलीन नको, ट्यूब किंवा नवी डबी. मधाचंही विचारतात. रुग्णालयात जखमेला वापरतात तो मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बरणीतला पोळीबरोबर खा.

चिकटपट्टीची एक युक्ती. चीर सरळ, उथळ, स्वच्छ धुतलेली असेल आणि कडा किंचित उघडत असतील, तर साधी पारदर्शक चिकटपट्टी आगपेटीच्या काडीपेक्षा थोड्या रुंद पट्ट्यांत काप. एक टोक एका कडेला चिकटव, कडा हळूच जवळ आण, दुसरं टोक पलीकडे. पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या, मध्ये फटी सोडून, म्हणजे आतलं पाणी बाहेर येईल. बोटाभोवती पूर्ण वेढा द्यायचा नाही, नाहीतर पुन्हा रबरबँडचीच गोष्ट. तळहातावर किंवा सांध्यावर हे टिकत नाही. फेव्हिक्विक नको, टाक्यांऐवजी वापरतात तो गोंद त्याच कुळातला असला तरी वेगळा बनवलेला असतो. तयार बँड-एडही मुळात असाच घरगुती जुगाड आहे. १९२०च्या सुमारास जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये नोकरीला असलेल्या अर्ल डिक्सनने, स्वयंपाकात बायकोची बोटं सारखी कापतात म्हणून चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले, तिला एकटीला लावता यावेत म्हणून.

किसणीने किंवा विळीने कातडीची चकती उचलली गेली आणि एका बाजूने अजून जोडलेली असेल, तर ती तोडायची नाही. धुऊन परत जागेवर बसवायची आणि झाकायची. तिच्याइतकं चांगलं बँडेज बाजारात मिळत नाही. कधी ती धरते, कधी काळी पडून गळते, पण तोवर खाली काम झालेलं असतं.

घरी काय करायचं नाही, हे मला जास्त निक्षून सांगायचंय. रक्त चिळकांडीसारखं उडतंय, किंवा नीट वीस मिनिटं दाबूनही थांबत नाही. आत पिवळी चरबी दिसते, कडा तोंडासारख्या उघड्या राहतात. बोटाचं टोक एका बाजूला बधिर लागतं, किंवा एखादं पेर वाकवता अथवा सरळ करता येत नाही. संवेदना नेणारी नस किंवा स्नायूची दोरी तुटली असेल तर बाहेरून चीर इवलीशी दिसू शकते, त्यात फसू नकोस. आत काच राहिली आहे. चेहरा, सांधा, किंवा मधुमेही माणसाचा पाय. चपलेतून खिळा आरपार. या सगळ्यांना त्याच रात्री दवाखाना. टाके सहसा पहिल्या सहा-आठ तासांत घातलेले बरे. रुतलेली मोठी काच किंवा सळई घरी उपसू नकोस, आजूबाजूने दाबून तशीच घेऊन जा. कुत्रं-मांजर चावलं असेल तर ती साधी जखम नव्हेच: साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, बांधायची नाही, आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच निघायचं.

धनुर्वात. लोखंड गंजलेलं होतं की नव्हतं यावर तो ठरत नाही. जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात. गंजका खिळा मातीत पडलेला असतो म्हणून बदनाम. एका शेतमजुराला पायाच्या एवढ्याशा जखमेतून झालेला मी पाहिलाय. अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, कारण दिवा लावला किंवा बादली आपटली तरी अंग धनुष्यासारखं ताठायचं. दातखीळ बसलेली. ती जखम तोवर भरून गेली होती.

पण म्हणून दर जखमेला सुई लागत नाही, आणि "दर सहा महिन्यांनी टी.टी." हेही खरं नाही. लहानपणीचे सगळे डोस झाले असतील तर स्वच्छ, छोट्या जखमेला शेवटच्या डोसापासून दहा वर्षं चालतात. माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेला पाच. आता नुसत्या टी.टी.ऐवजी घटसर्पाचा अंश असलेली टी.डी. देतात. सरकारी वेळापत्रकात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते, आणि सोळाव्या वर्षाची दहावीच्या अभ्यासात हमखास राहते. आईला फोन करून कार्ड काढायला सांग. सोळाला घेतली असेल आणि त्याला अजून दहा वर्षं झाली नसतील तर तुझ्या सुरीच्या चिरेला काही नको. दहानंतर घेतलीच नसेल आणि तू वीस ओलांडला असशील तर घेऊन टाक; चोवीस तास उलटले म्हणून ती वाया जात नाही. बायकांना गरोदरपणात तरी मिळते. घरातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांना शेवटची कधी टोचली हे कुणालाच आठवत नाही. बाबांचंही विचार.

आज तिसरा दिवस. कडेला थोडी लाली, हलकासा ठणका असू शकतो. लाली कुठपर्यंत आहे तिथे बॉलपेनने बारीक रेघ मार. उद्या लाली रेघेच्या पलीकडे गेली, पू आला, हातावर लाल रेषा चढायला लागली, ताप आला किंवा ठणक्याने झोप मोडली, तर डॉक्टर गाठायचा, आणि मित्राच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. यातलं काही नसेल तर दिवसातून एकदा धू, व्हॅसलीन लाव, कोरडं कापड बदल. कापड चिकटलं तर ओढू नकोस, पाण्याखाली धर, आपोआप सुटेल. भांडी घासायची पाळी तुझी असेल तर हातमोजा घाल किंवा पाळी बदलून घे, हे कारण चालण्यासारखं आहे. आठवडाभरात उघडं ठेवता येईल. नखाच्या कडेचा हळदीचा पिवळा डाग मात्र त्याहून जास्त टिकेल. तो खरवडू नकोस, नख वाढेल तसा जाईल.